उतार आणि वाफसा

जमिनीचा उतार उभ्याने कळत नाही, हे मला वडिलांनी शिकवले आणि पुढे तीस वर्षे मृद्‌संधारणाच्या कामात मी तेच शेतकऱ्यांना सांगत फिरलो. उभा माणूस आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहतो, त्यामुळे हात-दोन हातांचा चढ त्याच्या लेखी सपाटच असतो. तोच माणूस बांधावर उकिडवा बसला, किंवा सरळ गाल टेकवून आडवा झाला, की मघापर्यंत चौरस वाटणारे रान रवंथ करीत बसलेल्या बैलाच्या पाठीसारखे वर आलेले दिसते. पाणी कोणत्या बाजूला पळणार, माती कुठून वाहून जाणार, बांध कुठे घालायचा, हे सगळे त्या पाठीवरून ठरते. ही सवय माझ्या डोळ्यांना इतकी जडली आहे की परक्या मुलुखात गेलो तरी मी आधी तिथल्या रानाचा कल पाहतो.

निवृत्तीनंतर भाचीकडे ब्रसेल्सला गेलो होतो तेव्हा एका जून महिन्यात, नेपोलियनचा शेवटचा पराभव झाला ते वॉटर्लूचे रणांगण पाहायला गेलो. आपल्याकडे निवडणुकीत एखाद्या पुढाऱ्याची कायमची धूळधाण झाली की ‘त्याचे वॉटर्लू झाले’ असे वर्तमानपत्रे लिहितात. माझे त्या नावाशी नाते शाळेच्या पुस्तकापुरते आणि या वाक्प्रचारापुरतेच होते. तिथे गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की लढाई वॉटर्लू गावात झालीच नाही. गाव उत्तरेला काही किलोमीटरांवर राहते. ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचा मुक्काम तिथे होता आणि विजयाचा खलिता त्या गावाच्या नावाने लंडनला गेला, म्हणून ते नाव जगाच्या तोंडी बसले. प्रत्यक्ष लढाई झाली ती मों-सें-जांच्या टेकाडापुढच्या शेतांत. टेकाड म्हणायचे ते आपल्या भाषेत; डोंगर-टेकड्यांची सवय असलेल्या माणसाला तो नुसता उंचवटा वाटावा. दक्षिणेला तसाच दुसरा उंचवटा, दोहोंत अंतर सव्वा किलोमीटरच्या आसपास, आणि मधे उथळ खोलगट. १८ जून १८१५, रविवार, या एका दिवसात इथे चाळीस हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली.

लढाईपर्यंतची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेकांना ठाऊक असते. एल्बा बेटावरून निसटलेला नेपोलियन १ मार्चला फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरला आणि २० मार्चला पॅरिसमध्ये पुन्हा सम्राट म्हणून दाखल झाला. व्हिएन्नामध्ये जमलेल्या राष्ट्रांनी त्याला आधीच कायद्याबाहेरचा माणूस ठरवले होते. ऑस्ट्रिया आणि रशिया यांची सैन्ये येऊन पोहोचण्याआधी बेल्जियममध्ये असलेल्या दोन सैन्यांना, म्हणजे वेलिंग्टनच्या संमिश्र फौजेला आणि ब्ल्यूखरच्या प्रशियन फौजेला, एकेकटे गाठून बुडवायचे, असा त्याचा बेत होता. १६ जूनला लिन्यी येथे त्याने ब्ल्यूखरचा पराभव केला. बहात्तर वर्षांचा तो म्हातारा स्वतःच्या मेलेल्या घोड्याखाली अडकून पडला होता. पण हरलेले प्रशियन पूर्वेला, आपल्या देशाच्या वाटेला, न लागता उत्तरेला वाव्रकडे सरकले, म्हणजे वेलिंग्टनच्या हाकेच्या टप्प्यात राहिले. त्यांच्या पाठलागावर नेपोलियनने ग्रुशीच्या हाताखाली तेहेतीस हजारांच्या आसपास माणसे धाडली आणि उरलेली सुमारे बाहत्तर हजार घेऊन तो मों-सें-जांपुढे आला. समोर वेलिंग्टनची अडुसष्ट हजारांच्या आसपासची फौज होती. तिच्यात ब्रिटिश जेमतेम तिसरा हिस्सा. बाकी हॅनोव्हर, ब्रन्सविक, नासाऊ आणि नेदरलंड्सची माणसे होती.

इथवर पुस्तकातले. पुढचे मात्र मला मातीने सांगितले.

१७ जूनच्या दुपारी पाऊस सुरू झाला आणि रात्रभर कोसळत राहिला. दोन्हीकडचे सैनिक उघड्या रानात, चिखलात, पाठीला पाठ लावून बसून राहिले. रानात राय उभी होती. गव्हाच्या कुळातले हे धान्य तिकडे जूनमध्ये पुरुषभर उंच होते. सकाळी पाऊस थांबला तेव्हा ते सगळे रान पाण्याने तुडुंब भरलेले होते. पायाने जमीन दाबून ज्याने आयुष्यभर ‘अजून वाफसा नाही’ असे म्हटले आहे, त्याला त्या सकाळी नेपोलियनपुढे काय अडचण होती हे समजावून सांगावे लागत नाही. वाफसा म्हणजे मातीतले जादा पाणी निचरून गेलेले आहे, ओल आहे पण चिखल नाही, हातात घेतलेले ढेकूळ दाबले की मोकळे होते, ती अवस्था. ती येण्याआधी पाभर, म्हणजे पेरणीचे औत, घातली तर बैलांचे पाय रुततात आणि जमीन तुडवली जाऊन खराब होते. नेपोलियनच्या बाबतीत पाभरीच्या जागी तोफा होत्या. जवळपास अडीचशे तोफा, त्यांचे दारूगोळ्याचे गाडे आणि ते ओढणारे घोडे त्या चिखलातून जागेवर न्यायचे होते. शिवाय त्या काळचा भरीव लोखंडी गोळा कठीण जमिनीवर आपटून टप्पे घेत पुढे जाई आणि एका रांगेतली कितीतरी माणसे कापून काढी; ओल्या मातीत तोच गोळा जिथे पडेल तिथे रुतून बसतो. तोफखान्याचा सेनापती द्रुओ याने सल्ला दिला की जमीन थोडी सुकू द्यावी. नेपोलियन स्वतः मुळात तोफखान्याचा माणूस. त्याला ते पटले. पहिला मारा सुरू व्हायला साडेअकरा वाजत आले. द्रुओने पुढे आयुष्यभर त्या सल्ल्याचा दोष स्वतःकडे घेतला.

त्या गेलेल्या तासांत वाव्रहून प्रशियन चालत होते, म्हणून पावसानेच नेपोलियनला हरवले, असे विधान लोक सहज करतात. मला ते मान्य नाही, आणि याचे कारणही मातीतच आहे. जो चिखल फ्रेंच तोफांना अडवत होता, तोच प्रशियनांच्याही वाटेत होता, आणि त्यांची वाट तर अधिक वाईट होती. वाव्रपासून रणांगण पंधरा किलोमीटरांच्या आसपास. मधे लान नावाच्या ओढ्याची खोल दरी, तिच्या दोन्ही अंगांना निसरडी चढण आणि एका वेळी एकच गाडा जाईल अशा पाणंदी. सकाळीच निघालेल्या प्रशियन सेनापती ब्यूलोच्या सैन्याची पहिली तुकडी लढाईला भिडली ती दुपारी साडेचारच्या सुमाराला. वाटेत तोफा रुतल्या, घोडे थकले आणि शिपायांनी आता होणार नाही म्हणून सांगितले, तेव्हा ब्ल्यूखरने त्यांना विनवले की मी वेलिंग्टनला शब्द दिला आहे, तो मला मोडायला लावू नका. त्यांनी खांदा लावून तोफा बाहेर काढल्या. बैलगाडीचे चाक चिबड रानात आसापर्यंत रुतल्यावर ते बाहेर काढायला काय पडते हे मी पाहिले आहे. आणि इथे तर वाटेच्या पलीकडच्या टोकाला लढाई वाट पाहत होती. त्या दिवशी पाऊस दोन्ही बाजूंना सारखाच पडला होता. फरक पडला तो चिखल सुकण्याची वाट कोणी पाहिली आणि चिखलातूनच कोण चालत आले, यामुळे.

आता उताराविषयी. वेलिंग्टनने ही जागा वर्षभर आधी, १८१४ मध्येच, पॅरिसला राजदूत म्हणून जाण्यापूर्वी या भागातून फिरताना हेरून ठेवली होती. त्याच्या नजरेत भरला तो मों-सें-जांच्या उंचवट्याचा पलीकडचा, म्हणजे उत्तरेचा, शत्रूला न दिसणारा उतार. साधा सेनापती उंचवट्याच्या माथ्यावर किंवा पुढच्या अंगाला फौज मांडेल, कारण तिथून समोरचे दिसते. वेलिंग्टनने बहुतेक पायदळ माथ्याच्या मागे ठेवले आणि आडवे झोपायला लावले. समोरून ऐंशीच्या आसपास तोफा डागल्या जात होत्या. त्यांचे पुष्कळसे गोळे माथ्यावरून निघून गेले किंवा पुढच्या ओल्या उतारात रुतले. दुपारी फ्रेंच सेनापती द’एर्लोंचे पायदळ दाट रांगांनी खोलगट ओलांडून वर चढले, तेव्हा मोकळे वाटणाऱ्या माथ्यावर त्यांच्यासमोर अचानक माणसे उठून उभी राहिली. पाठोपाठ ब्रिटिश घोडदळ त्या रांगांवर कोसळले. तेच घोडदळ मग भान विसरून दरी ओलांडून फ्रेंच तोफांपर्यंत गेले आणि परत येताना निम्म्याच्या आसपासच उरले, हेही सांगितले पाहिजे.

या उताराने फ्रेंचांची सर्वांत मोठी चूक घडवली ती चारच्या सुमारास. माथ्यावर काही हालचाल झाली, जखमी आणि रिकामे गाडे मागे जाताना दिसले, आणि मार्शल ने याला वाटले की शत्रू माघार घेतो आहे. पलीकडे काय आहे हे त्याला दिसणे शक्यच नव्हते. त्याने पायदळाची साथ न घेताच घोडदळ वर सोडले. वाढत वाढत ते नऊ हजारांच्या आसपास गेले. घोडे माथा ओलांडून पलीकडे उतरले आणि त्यांना दिसले की कोणी पळालेले नाही: उतारभर पायदळाचे चौकोन उभे आहेत, चारही बाजूंना संगिनी रोखलेल्या. घोडा संगिनींच्या भिंतीवर उडी घालत नाही. पुन्हा पुन्हा लाटा आल्या, चौकोनांना वळसे घालून गेल्या आणि दमत गेल्या. दुपारपर्यंत त्या रानातली राय मुळासकट चिखलात मिसळून गेली होती.

मराठीत ‘उतार’ या शब्दाला जमिनीचा कल हा एक अर्थ आहे, आणि नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा हा दुसरा. वॉटर्लूच्या माथ्यावर उभा असताना माझ्या मनात हा दुसरा अर्थ घोळू लागला, कारण माझे गाव जालना जिल्ह्यात आहे आणि तिथून आसई दूर नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, वॉटर्लूच्या बारा वर्षे आधी, हाच वेलिंग्टन, तेव्हा चौतीस वर्षांचा आर्थर वेलस्ली, केळणा नदीच्या काठावर शिंदे आणि भोसले यांच्या फौजांसमोर अडकला होता. त्यांच्याकडे शंभरच्या आसपास तोफा, कवायती पलटणी आणि हजारोंचे घोडदळ. त्याच्याकडे त्या मानाने मूठभर माणसे. वाटाड्यांनी सांगितले की पुढे नदीला उतार नाही. त्याने पाहिले की नदीच्या दोन काठांवर दोन गावे जवळजवळ समोरासमोर आहेत, पिंपळगाव आणि वरूड, आणि म्हटले की अशी गावे एकमेकांकडे जाण्यायेण्याच्या वाटेशिवाय वसणार नाहीत. आमच्याकडची कोणतीही म्हातारी हेच सांगेल: समोरच्या गावात सोयरीक आहे म्हणजे नदीला उतार आहे. माणूस पाठवून पाहिले, तर उतार होता. तिथून फौज पार झाली.

आम्ही लहानपणी नदीवरच्या अशाच एका उतारावरून गुरे पार नेत असू. त्यामुळे ही हकीकत मी प्रथम वाचली तेव्हा मला वेलस्लीच्या हुशारीचे कौतुक वाटण्याआधी एक जुनी कळ उठली. नदी आमची, गावे आमची, सोयरीक आमची, आणि उतार ओळखला तो परक्याने. तरीही मराठ्यांच्या पायदळाने तोंड फिरवून नवी फळी इतक्या चपळाईने मांडली की वेलस्लीचा अंदाज चुकला, आणि गोलंदाज तोफांपाशी कापले जाईपर्यंत हटले नाहीत. काही जण तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांनी त्याच तोफा मागून त्यांच्यावर डागल्या. पंधराशेहून अधिक माणसे वेलस्लीने त्या दिवशी गमावली. लढलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. नेपोलियन त्याला हिंदुस्थानी शिपायांचा सेनापती म्हणून हिणवत असे. पण म्हातारपणी, तुम्ही लढाईत केलेली सर्वोत्तम कामगिरी कोणती, असे विचारल्यावर वॉटर्लू जिंकलेल्या त्या माणसाने एकच शब्द उच्चारला: आसई.

त्याचे आणखी एक बोलणे नोंदलेले आहे. मित्राबरोबर बग्गीतून प्रवास करताना तो पुढच्या टेकडीपलीकडे कसला मुलूख असेल याचे अंदाज बांधण्याचा खेळ खेळत असे, आणि म्हणे की युद्धाचा आणि एकूणच आयुष्याचा सारा व्यवहार हाच आहे: जे ठाऊक आहे त्यावरून जे ठाऊक नाही ते शोधून काढणे. केळणेकाठी दोन गावांवरून उतार ओळखणारा आणि मों-सें-जांला आपली फौज शत्रूच्या अंदाजाबाहेर झोपवून ठेवणारा, हा एकच डोळा आहे. पहिल्या ठिकाणी तो टेकडीपलीकडचे ओळखत होता. दुसऱ्या ठिकाणी, आपल्या टेकडीपलीकडचे दुसऱ्याला ओळखता येऊ नये, याची त्याने व्यवस्था केली.

उतार सगळ्यांना वाचवू शकला नाही. माथ्याच्या पुढे, खोलगटाच्या अंगाला, ला एय सेंत नावाचा शेतवाडा आहे. पांढऱ्या भिंतींचा, मोठ्या रस्त्याला लागून. तो मेजर बारिंगच्या हाताखालच्या चारशेच्या आसपास जर्मन सैनिकांनी दिवसभर धरून ठेवला. त्यांच्या बंदुकांना वेगळी काडतुसे लागत आणि ती संपत आली. निरोपावर निरोप गेले, काडतुसे आली नाहीत. सहाच्या सुमारास वाडा पडला तेव्हा त्यांच्यातले चाळीसेक जण चालते बाहेर आले. वाडा हातात आल्यावर फ्रेंचांनी तोफा इतक्या जवळ आणल्या की मागच्या चौरस्त्यावरच्या २७ व्या आयरिश पलटणीला आडोसाच उरला नाही. त्या पलटणीने जागा सोडली नाही. तिची जवळपास दोन तृतीयांश माणसे पडली, आणि पाहणाऱ्यांनी लिहिले की मेलेली माणसे चौकोन करूनच पडलेली होती. मी त्या वाड्याच्या फाटकासमोर बराच वेळ उभा राहिलो. आत आजही शेतकरी राहतात, आणि अंगणात ट्रॅक्टर उभा होता.

शेवट सर्वश्रुत आहे. प्लांसनवा गावात प्रशियनांनी फ्रेंचांची उजवी बगल कुरतडत आणली. साडेसातच्या सुमारास नेपोलियनने राखून ठेवलेली सम्राटाची खास पलटण उतार चढू लागली. माथ्यावर पोचेपर्यंत तिला समोर कोणी दिसले नाही, आणि मग अगदी हाताशी आडवी झोपलेली ब्रिटिश पलटण उठली. खास पलटण मागे हटते आहे, ही हाक फ्रेंच फौजेत पसरली आणि तासाभरात सगळे संपले. त्या रात्री वेलिंग्टनच्या अंथरुणावर त्याचा जखमी सहायक मरणपंथाला लागलेला होता, म्हणून तो स्वतः जमिनीवर झोपला. पहाटे डॉक्टर ह्यूम मेलेल्यांची यादी वाचून दाखवू लागले. दिवसभराच्या धुळीने आणि घामाने माखलेला चेहरा त्याने अजून धुतला नव्हता, आणि डॉक्टरांनी मान वर करून पाहिले तर त्या धुळीतून आसवांचे पांढरे ओघळ उतरले होते.

मेलेल्यांचे पुढे काय झाले, हे मला तिथे उभे असताना सर्वांत जास्त टोचत होते. घाईघाईने खणलेल्या खड्ड्यांत हजारो माणसे पुरली गेली. पण इतक्या मोठ्या रणांगणावर उत्खननात आजवर पुरे सांगाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडले आहेत. १८२२ मध्ये इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांत छापून आले की लाइपझिग, ऑस्टरलित्झ आणि वॉटर्लू इथली माणसांची आणि घोड्यांची हाडे जहाजांनी हल बंदरात आणून, दळून, शेतात खत म्हणून टाकली जात आहेत. पुढे त्याच भागात बीटाच्या साखरेचे कारखाने निघाले, आणि बीटाचा रस स्वच्छ करायला हाडांचा कोळसा लागे. खड्डे तेव्हाही उकरले गेले असावेत, असे अलीकडे संशोधकांनी मांडले आहे. मी नोकरीत असताना फळबागेच्या खड्ड्यात हाडाचा चुरा टाकायला किती जणांना सांगितले असेल! फॉस्फरस सावकाश मिळतो, मुळे जोर धरतात, हे वाक्य मला झोपेतही म्हणता येईल. ते वाक्य मला आठवले आणि समोरच्या शेताकडे पाहवेना. त्या शेतात बीट होते, ओळीत, तकतकीत हिरव्या पानांचे.

रणांगणावर आज सर्वांत आधी दिसतो तो सिंहाचा ढिगारा. नेदरलंड्सचा राजपुत्र जिथे जखमी झाला तिथे १८२० ते १८२६ या काळात हा चाळीस मीटरांहून उंच मातीचा शंकू रचला गेला आणि त्यावर सिंह बसवला गेला. वर जायला २२६ पायऱ्या आहेत. माती बायकांनी पाठीवरच्या टोपल्यांतून वाहिली. पण ती आणली कुठून, तर त्याच माथ्यावरून. ज्या उंचवट्याने लढाई ठरवली तोच खरवडून स्मारक उभे केले. वेलिंग्टन पुढे तिथे आला तेव्हा माझे रणांगणच बदलून टाकले असे तो कळवळून म्हणाला, असे सांगतात, आणि मला त्याचे दुःख पूर्ण समजते. रस्त्याच्या कडेचे उंच काठ गेले आणि चढाचा माथा गेला. आमच्या खात्यात माथ्यावरची माती हलवणे हे पाप समजले जाई. त्यातल्या त्यात समाधान एवढेच, की १९१४ च्या कायद्याने उरलेल्या रणांगणावर बांधकामाला मनाई झाली, आणि त्यामुळे ब्रसेल्स इतके जवळ असूनही तिथे आजतागायत शेती होते.

ढिगाऱ्याच्या पश्चिमेला, उगुमों नावाच्या शेतवाड्याच्या बाजूला, माथा अजून बराचसा शाबूत आहे. आदल्या दिवशी तिथे पाऊस झालेला होता. मी भाचीला म्हटले, “अगं, तू या वाटेने पुढे माथ्यावर जा आणि पलीकडे उतरत राहा.” ती गेली. मी दक्षिणेच्या अंगाला, वाटेच्या कडेला, उकिडवा बसलो. आधी तिचे पाय दिसेनासे झाले, मग कंबर, मग खांदे, आणि शेवटी तिची लाल ओढणीही माथ्याआड गेली. समोर नुसते रान आणि आभाळ राहिले. जेमतेम शंभर पावलांवर ती होती, आणि कोणी शपथेवर सांगितले असते की तिथे कोणी नाही, तर मी मान्य केले असते.

“मामा, दिसते का मी?” तिचा आवाज आला.

ती परतली तेव्हा तिच्या बुटांना चिकट पिवळसर चिखल बोटभर जाड बसला होता. मी वाटेवरची काडी घेतली आणि खाली बसून तो खरवडून काढू लागलो. एक ढेकूळ हातात घेऊन दाबले. ते मोकळे झाले नाही, बोटांमधून लांब होत बाहेर आले.